बाबांचा नारिंगी रेनसूट

ताडपत्रीच्या कारखान्यात तिला सगळे उंचाबाई म्हणत, कारण त्या लांबलचक हॉलमध्ये तिच्याइतकं बुटकं दुसरं कोणीच नव्हतं. स्टुलावर उशी घेतल्याशिवाय तिचे हात मशीनपर्यंत नीट पोचत नसत. पण बावीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली ताडपत्री गळली अशी तक्रार एकदाही आली नव्हती. नव्या मुली शिकायला बसल्या की ती शिवलेला तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायची. टाक्यांच्या रांगेतून उजेडाचे बारीक ठिपके दिसायचे.

"बघा गं," ती म्हणायची, "पाणी कापडातून येत नाही. या भोकांतून येतं. ती बुजवली तरच काम झालं."

घरी ती आणि सासरे, दोघंच. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती. सासऱ्यांना ती बाबा म्हणायची. बाबांचा जन्म छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेला. उलटी अक्षरं वाचायची सवय इतकी अंगात मुरलेली, की समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून वाचून टाकत आणि वर मुद्रणदोषही सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी होडी घेतली. नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे पसरट होते, तिथे आठवड्यातले चार दिवस ते गळ टाकून बसायचे. मासे मिळायचेच असं नाही. रिकाम्या हाताने आले की म्हणायचे, "आज मासे सुटीवर होते."

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला मात्र घात झाला. जावयाने हौसेने आणलेला पोटऱ्यांपर्यंत लांब रेनकोट घालून ते गेले होते. उभं राहिलं तर तो कोट झकास. पण होडीत माणूस बसतो. बसल्यावर मांडीवर खळगा पडे, त्यात पाणी साठे, आणि शेवटी बुडाखालची शिवण उसवली. नेमके मासे लागत होते. बाबा ओल्या विजारीत चार तास बसले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पुढच्या आठवड्यात न्यूमोनिया निघाला आणि इस्पितळात सतरा दिवस काढावे लागले.

ते घरी आले तेव्हा नणंदेने फर्मान काढलं. नणंद शाळेत मुख्याध्यापिका. तिच्या आवाजाला अख्खा वर्ग गप्प करायची सवय होती. "आता पाण्यावर जाणं बंद. होडी विकून टाकायची." मग उंचाबाईला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या भरवशावर आहेत हं ते." नवऱ्यानेही फोनवर तेच सांगितलं.

बाबांनी हूं की चूं केलं नाही. ते खिडकीशी खुर्ची ओढून बसू लागले. गळांची पेटी मांडीवर घेऊन गळ लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, मग मोठ्यापासून लहानापर्यंत. जेवण निम्म्यावर आलं. औषधं वेळेवर, चालणं वेळेवर, कुठेही नाव ठेवायला जागा नाही. उंचाबाईला तेच खुपायचं. भांडखोर माणूस असा शहाण्यासारखा वागायला लागला की घर ओकंबोकं होतं.

एका शनिवारी दुपारी ती भाजी घेऊन आली तर खुर्ची रिकामी. पिशवी तशीच टाकून ती धक्क्यावर धावली. बाबा तिथे होते. घरातल्या स्लिपर घालून होडीशी वाकले होते आणि आत पडलेला पालापाचोळा एकेक पान उचलून काढत होते.

"बाबा, चला घरी."

"चला," म्हणाले, आणि लगेच निघाले. वाद नाही, सबब नाही. शाळेतून पळालेलं पोर सापडावं तसे खाली मान घालून चालू लागले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "डॉक्टर तुम्हाला नक्की काय म्हणाले होते? पाण्यावर जाऊ नका?"

"तसं नाही म्हणाले. भिजू नका म्हणाले."

ती रस्त्यातच थांबली. "मग नाही भिजायचं," ती म्हणाली.

धक्क्यामागच्या गल्लीत कोळ्यांच्या सामानाचं दुकान होतं, तिकडे ती त्यांना घेऊन गेली. छताला गमबूट लटकलेले, कोपऱ्यात दोरांची वेटोळी, आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. कानामागे पेन्सिल खोचलेल्या दुकानदाराने आधी सगळ्यात महागडा रेनसूट काढला. "परदेशी माल आहे. कापड श्वास घेतं. आत घाम धरत नाही."

उंचाबाईने कापड दोन बोटांत चोळलं. "माशांचा चिकटा आणि खारं पाणी लागल्यावर किती दिवस श्वास घेईल?"

"दर वेळी धुवावा लागतो. वेगळा साबण येतो त्याचा."

"डोंगर चढणाऱ्यांना द्या. आमचे बाबा बसून असतात, त्यांना एवढा घाम कुठला?"

मग आला सगळ्यात स्वस्त. तिने बाही उलटी केली. आत टाके होते आणि टाक्यांवर पट्टी चिकटवलेली. तिने नखाने टोक उचकटलं. पट्टी सरळ सोलून हातात आली. दुकानदार पेन्सिल काढून पुन्हा कानामागे खोचू लागला. तिसरा होता जाळी ओढणाऱ्यांचा, जाडजूड रबरी. पाण्याचा बाप आला तरी आत शिरला नसता. पण तो अंगावर चढवताच बाबांचे खांदे खाली आले. आजारपणाने किती झिजवलंय हे तिला त्या घटकेला नीट दिसलं. तिने लगेच तो उतरवून घेतला.

चौथ्या सुटाची किंमत मधली होती. कापड मऊ, थोडं ताणलं जाणारं, आतून बाहेरून सारखंच गुळगुळीत. तिने सगळ्या शिवणी उलटून पाहिल्या. टाका एकही नव्हता, कडा गरम करून एकमेकींत मुरवलेल्या. कारखान्यात मोठ्या ट्रकच्या ताडपत्र्या अशाच जोडत. विजार छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे. बाहीच्या आत आणखी एक घट्ट मनगटपट्टी, म्हणजे गळ उचलायला हात वर केला तरी पाणी कोपरापर्यंत उतरायला नको. टोपीला कपाळावर पुढे आलेली कडक कड.

"एक माप मोठा द्या, आत स्वेटर मावला पाहिजे," ती म्हणाली. "आणि एक स्टूल द्या."

"बसता का?"

"हे बसतील. बाबा, ही होडी समजा. वल्हवा."

"इथे?" बाबांनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तरी ते बसले, हात पुढे केले आणि एकदा वल्हं मारलं. मग दुसऱ्यांदा. जॅकेट पाठीवर वर चढतंय का, विजार गुडघ्याशी आवळतेय का, हे ती खाली बसून बघत होती. पाच-सहा वेळा हात फिरल्यावर तिने वर पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि ते अजून वल्हवत होते. शेवटी दुकानदारच हळूच म्हणाला, "आजोबा, किनारा आला."

बाबा ओशाळं हसले. "बरा आहे," म्हणाले. "हिरवा द्या."

"नारिंगी," उंचाबाई म्हणाली.

"मी काय रस्ता खणायला चाललोय?"

"आमच्या हॉलच्या मागच्या खिडकीतून नदी दिसते. हिरवा पाण्यात हरवतो, बाबा. मला तुम्ही दिसायला हवेत."

बाबा दुकानदाराकडे वळले. "नारिंगीच द्या हो. सुनेची नजर अधू आहे."

घरी आल्यावर तिने आणखी एक परीक्षा घेतली. बाबांना सगळा सरंजाम चढवून न्हाणीघरात स्टुलावर बसवलं आणि डोक्यावरून तांब्याने पाणी ओतायला लागली. बाबांना इतकी मजा वाटली की तेच ओरडत होते, "वारा बाजूने येतोय! बाजूने घाल!" नेमकी तेव्हा नणंद दारात उभी राहिली.

"अगं, वेड लागलंय का तुला!" ती किंचाळली. "आजारी माणसावर पाणी ओततेस?"

उंचाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ताई, रागावा नंतर. आधी हात घालून बघा."

नणंदेने साडीचा पदर खोचला, पुढे झाली आणि वडिलांच्या मानेवरून जॅकेटच्या आत, पाठीवर हात घातला. बराच वेळ तो हात तिथेच होता. पाठ कोरडी होती, ऊबदार होती, आणि हसण्याने गदगदत होती. चार महिन्यांत तिने वडिलांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मानेशी जरा ओल आहे," शेवटी ती म्हणाली. आवाजातली धार गेली होती.

"टोपीची दोरी नीट आवळली नव्हती मी," बाबा म्हणाले.

"मग आवळा ना! तेवढंही आम्हीच सांगायचं?" असं म्हणून ती बाहेर गेली आणि डोळे पुसून आली. मग तिघांनी बसून अटी ठरवल्या. आठवड्यातून दोनच दिवस. वरून लाइफ जॅकेट. वारा सुटला की परत. आणि मासे लागत असले तरी तीन तासांवर एक मिनिट नाही. शेवटच्या अटीवर बाबांनी घासाघीस केली, पण मुख्याध्यापिका बधली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी ढग होते. दहाच्या सुमारास सर आली. उंचाबाईने मशीन थांबवलं आणि खिडकीशी गेली. खिडकी उंच होती. तिने स्टूल नेलं, वर उशी ठेवली आणि चढली. नदी राखाडी, आभाळ राखाडी, आणि मधे एक नारिंगी ठिपका. हॉलमधल्या मुली जमल्या. "हलतोय का गं?" "वल्हवतायत वाटतं." "नाही, गळ ओढतायत!" त्या दिवशी प्रत्येक टाक्यामागे कोणी ना कोणी खिडकीशी जाऊन येत होतं. सुपरवायझरने दोनदा खाकरून पाहिलं, मग तोही बघायला आला.

दुपारी बाबा तीन तास वीस मिनिटांनी परतले आणि घड्याळ मागे पडल्याचं सांगितलं. अंगाने कोरडे ठणठणीत. दोन मासे आणले होते, त्यातला एक शेजारी दिला. सूट गोड्या पाण्याने धुऊन स्वतःच सावलीत टांगला.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याचा फोन आला. बहिणीने त्याला आधीच कळवलं होतं. "मला विचारायचं तरी," तो म्हणाला. उंचाबाई उत्तर जुळवतच होती, तेवढ्यात बाबांनी फोन ओढून घेतला.

"तू डेकवर पावसात काय घालतोस रे?"

"कंपनीचा रेनकोट. का?"

"आतून उलटा करून बघ आणि हिला सांग." त्यांनी फोन परत तिच्या हातात दिला.

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कापडाची खसखस. "शिवलेलाच आहे गं," नवरा म्हणाला. "वर पट्टी आहे, ती सुटलीय कडेने."

"भिजतोस?"

पंधरा वर्षांच्या संसारात तिने कधी हे विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"भिजतो," तो म्हणाला. "खांदे तर रोजच भिजतात."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू तरी काय करणार होतीस एवढ्या लांबून?"

"बंदराचा पत्ता दे, जिथे महिनाभरात लागाल तिथला. मी पाठवते."

"माप लिहून घे. छाती..."

"छाती, बाही, सगळं ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचीच तिला लाज वाटली, कारण बाबा समोरच बसले होते. बाबांनी मात्र शेजारच्याने आणून दिलेलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं आणि ते मन लावून वाचत होते.

शनिवारी दोघं पुन्हा दुकानात गेली. दुकानदाराने न सांगता स्टूल पुढे केलं. बाबा म्हणाले, "नको, आज डेकवर उभ्याचं काम आहे," आणि मुलाच्या मापाचं जॅकेट अंगावर चढवून, हात वर करून, सुनेसमोर शिस्तीत उभे राहिले.