आबांची टोपी आणि गुळगुळीत चेंडू

आमच्या रावेरकडे गोफण सगळेच चालवत, पण माझा गुंडा, म्हणजे गोफणीतला मातीचा गोळा, सुटला की सातपुड्यातली माकडं डोकी खाली घालत. यात दंडाचं श्रेय थोडं कमी धरा. बाकीचे मातीचे गुंडे सारवलेल्या ओट्यावर वाळवत. ते तुळतुळीत निघत. आमच्या ओट्यावर जागा नसे, म्हणून मी ते अंगणात पसरलेल्या ज्वारीवरच ठेवायचो. दाणे रुतायचे, वाळल्यावर गळायचे आणि गुंड्यावर देवीचे वण उठायचे. हेच वणाचे गुंडे लांब जात. का, ते जळगावच्या कॉलेजात कळलं. गुळगुळीत गोळ्याला हवा लवकर सोडते; मागे पोकळी होते, ती त्याला मागे खेचते. खळगे असले की हवा अंगाला चिकटून राहते आणि ओढ कमी होते.

त्याच वर्षीच्या सुट्टीत आबांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवून टाकलं होतं की मी कॉलेज सोडून केळी बघायची. भुसावळला एका रेल्वेच्या साहेबांकडे केळीचा घड घेऊन आम्ही दोघं गेलो, तर साहेब मैदानात गोल्फचे चेंडू मारत होते. चेंडूंना अंगभर खळगे. सगळे मैदानाच्या टोकाच्या बाभळीपाशी पडत. मग त्यांनी एक जुना काढला, घासून गोटी झालेला.

"हा बाभयीच्या पार जाईल," आबा म्हणाले. "गुयगुयीत गोटा लांब जाते, म्हशीलेबी कयते."

"नाही आबा. निम्म्याच्या जरा पुढे पडेल."

"जागा दाखव. चुकला तं उद्यापासून केयीले पानी धर."

पुस्तकातलं सूत्र वेग विचारतं, कोन विचारतं. हवेची चौकशीच करत नाही. मी बाभळीपर्यंतचं अंतर धरलं, त्यातून वाढलेली ओढ वजा केली, उलट्या फिरकीने मिळणारी उचलही कापली आणि मोजून चालत गेलो. खुणेला काही नव्हतं, म्हणून आबांची टोपीच मागितली. चारचौघांत उघड्या डोक्याने कधी न उभा राहिलेला माणूस, पण दिली.

साहेबांनी काठी फिरवली. चेंडू उठला, मध्येच दमला, खाली आला आणि टप्पा घेऊन टोपीत जाऊन बसला. साहेब मात्र शेवटपर्यंत 'टोपीपासून हातभर' म्हणत राहिले. साहेबांची नजर अधू होती.

आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "कॉलेज कधी उघडते?" एवढंच विचारलं.

परतीच्या गाडीत मात्र ते शेजारच्याला सांगत होते, की टोपी डोक्यावर असतानाच पोराने चेंडू तिच्यावर उतरवला. मी दुरुस्त केलं नाही. घराण्याची रीत कुणीतरी चालवायला हवीच.