माळढोकाची जागा

मी रागीट माणूस. पाटी रंगवताना मागं उभं राहून कोणी शहाणपण शिकवलं, तर त्याच्या सदऱ्यावर ब्रश झटकायला मी कमी करत नसे. हिंगोलीतल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्या तेव्हा माझ्याच हातच्या होत्या. पण त्या दिवशी त्या जमीनदारासमोर माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, त्याबद्दल आजही मन खातं.

माझे मामा शाळेत ड्रॉइंग शिकवत. निजामाचं राज्य, त्यामुळे सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी शाळा सुटली की आम्ही कोणाच्या तरी बैलगाडीतून नरसीपर्यंत जायचो आणि शुक्रवारी उजाडताच साखऱ्याच्या बाजूच्या माळांवर चालत सुटायचो. पाठीवर फळी, कागद, रंगांचा डबा, भाकरी आणि ठेचा. पाखरं, काळवीट, कोल्हे, जे दिसेल ते काढायचं. लोक म्हणायचे, या मामा-भाच्याला दुसरा उद्योग नाही. खरंच नव्हता.

मामांचा एक नेम होता. पाखरू काढायचं, तर ते ज्या जमिनीवर आहे तीही खरीच काढायची. झाडाला तीन फांद्या असतील तर तीनच. एकदा चित्र रिकामं वाटतंय म्हणून मी मनानं एक टेकडी वाढवली, तर त्यांनी कागद उलटा करून सगळं पुन्हा काढायला लावलं. "चित्र हातात धरून माणूस बराबर त्या जागी जाऊन उभा राह्यला पाह्यजे," ते खेकसले. "न्हाई तर मग कॅलेंडरंच काढ की!"

त्या वर्षी पोळा नुकताच झाला होता. माळावर गुडघ्याएवढं गवत होतं. तिथल्या तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाशी आमची चांगली ओळख होती. मी एकदा त्याच्या गाईचं चित्र काढलं होतं आणि शिंगं चुकली म्हणून त्यानं साऱ्या तांड्यादेखत माझी टर उडवली होती. तो म्हणाला, "चला मास्तर, एक चीज दावतो. पण कोणाला सांगू नका."

त्यानं लांबूनच बोट दाखवलं. गवतात माळढोकाची मादी बसली होती. लांब मानेचं, मोराएवढं पाखरू. इतकी वर्षं पायपीट करून आम्हाला ते दोनदाच दिसलं होतं, तेही उडून जाताना. आणि ही तर अंड्यावर बसलेली.

"एकच अंडं घालते ती," नायक म्हणाला. "म्हणून मी गुरं दुसऱ्या अंगानं नेऊन राहिलो. चारा हिकडंच चांगला हाय, पण ती उठली का अंडं गेलंच समजा. तुमी कोणाजवळ बोलसाल न्हाई न?"

मामांनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. मीही दिला.

दिवसभर आम्ही एका खडकाआड बसलो. चित्र मीच काढलं, मामांचे डोळे तेव्हा अधू होत चालले होते. तिच्या मागं दोन बुंध्यांचं हिवराचं झाड, उजवीकडे चुना फासलेला हद्दीचा दगड, आणि पलीकडच्या टेकडीला पडलेली खाच. मामांनी कागद नाकाशी धरून सगळं तपासलं आणि जन्मात पहिल्यांदा एकही चूक काढली नाही. परत येताना मी वाटभर मोठमोठ्यानं गात होतो.

मामांनी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं. जागा मात्र कोणाला सांगितली नाही. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, त्यांनाही नाही. सोमवारी एक जमीनदार मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चार दिवस माझ्याकडं द्या. चांगली चौकट करून आणतो." भाच्याच्या चित्राला कोणी आपणहून चौकट करतंय म्हटल्यावर मामांचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. मीच ते भिंतीवरून उतरवलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

गुरुवारी दुपारी तो परत आला. मी शाळेची पाटी रंगवत व्हरांड्यात बसलो होतो, मामा शेजारी बाकावर होते. जमीनदाराच्या बगलेत चौकट होती, काच लावलेली. मागून गड्यानं एक पोतं आणून फरशीवर टाकलं आणि त्यातून लांब पांढुरकी मान बाहेर आली.

"कमाल केली मास्तर तुमच्या भाच्यानं!" तो हसत होता. "नुसतं चित्र घेऊन निघालो. दर शुक्रवारी साखऱ्याच्या माळावर जाता ना तुम्ही, तोच असणार म्हटलं. हिवर दिसला, दगड दिसला, टेकडीची खाच जुळवली, अन् चार पावलांवर ही बसलेली! उठायच्या आत बार टाकला. अर्धा वाटा तुमचा."

 माणूस दुष्ट असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण तो मनापासून कौतुक करत होता. आम्हाला खूश करायला त्यानं तिचा पंख उचलून पसरून दाखवला. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? काळ्या पट्ट्यावरचे पांढरे ठिपके दोन ओळींत आहेत, आपण एकच ओळ काढली. देवाशपथ सांगतो, आधी हे आलं. रडू नंतर आलं. ती मेली याचा धक्का जास्त होता की माझ्या त्या विचाराचा, मला अजून ठरवता येत नाही.

मामा एवढंच म्हणाले, "अंडं?"

"कसलं अंडं?" जमीनदार म्हणाला. "आम्ही काय पाहिलं न्हाई बा."

शुक्रवारी आम्ही माळावर गेलो ते फळी न घेताच. माझ्या खिशात मात्र सवयीनं पेन्सिल आणि कागदाचा तुकडा होता. नायक झोपडीबाहेर बाजेवर बसला होता. मामा उभ्या उभ्याच म्हणाले, "आम्ही कोणाला सांगितलं न्हाई हो."

"आता ठावं झालं," तो म्हणाला. "काल तुमची तोंडं पाह्यली न्हवती, तवा वाटलं तुमीच धाडलं त्याला. मी म्हणलं, इथं काई न्हाई साहेब, पल्याड जा. त्यानं तुमचं चित्र दावलं. झाड बराबर, दगड बराबर. मंग मी काय बोलू?"

तो आत गेला आणि फडक्यात बांधलेलं अंडं घेऊन आला. रात्रभर त्यानं ते कोंबडीखाली ठेवलं होतं, पण कोंबडी उठून गेली होती. त्यानं ते उघड्या तळहातावर धरलं.

"काढा आता ह्याचं चित्र. आता कोणी आलं तरी काई बिघडत न्हाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. मामा तोंड फिरवून उभे राहिले. म्हातारा हात पुढं धरून थांबला होता आणि त्याला नाही म्हणायचं माझ्यात बळ नव्हतं. मी खाली बसलो आणि अंडं काढलं, त्याच्यावरचे तपकिरी डाग एकेक मोजून. त्यानं कागद घेऊन निरखून पाहिला.

"अंडं बराबर हाय," तो म्हणाला. "पण माहा हात काहून न्हाई काढला?"

त्याची करंगळी अर्धी तुटलेली होती आणि मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता. मला त्याच्याकडे मान वर करून पाहता येईना.

"ओळखू येईल, बाबा," मी म्हणालो.