ताकदीची गोळी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना वस्तीत सगळे गोळीवाली म्हणतात. आरोग्य केंद्रातून क्षयाच्या गोळ्या घ्यायच्या, दारोदार फिरायचं आणि पेशंट त्या गिळतोय ना ते समोर बसून बघायचं, हे त्यांचं काम. घरात भाजी करपली तरी यांना वास येत नाही, पण चार घरांपलीकडे कुणी खोकलं की कान टवकारतात. "तुमचं लग्न भाऊजींशी झालंय की खोकल्याशी?" असं मी विचारते. त्या हसतात आणि पिशवी उचलून चालू लागतात.

क्षय हा शब्द मात्र त्या तोंडातून काढत नसत. दारात तो एकदा उच्चारला की त्या घरचं पाणी कुणी पीत नाही, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. म्हणून त्यांनी आपली युक्ती काढली होती. "ताकदीची गोळी आहे, रोज घ्यायची." बंद दारं उघडली. केंद्रातल्या नर्सबाईंनीही काणाडोळा केला.

शेवटच्या गल्लीतली शिवणकाम करणारी सूनबाई अशीच मोठ्या मुश्किलीनं हाती लागली होती. जेमतेम विशीतली, नुसता हाडांचा सापळा. "आमच्याकडे कुणी आजारी नाही," म्हणत सासू दार अडवून उभी राहायची. जाऊबाईंनी फेऱ्या मारमारून सूनबाईला पटवलं. "एकही गोळी चुकवायची नाही," एवढं बजावलं. पोर वाचलीच पाहिजे, असं त्यांनी मनावरच घेतलं होतं.

मग त्यांचा पाय मुरगळला. बदली माणूस कुठून मिळणार? त्यांनी गोळ्यांची पाकिटं सूनबाईकडेच पाठवून दिली. पाय टेकायला लागला तशा पहिल्यांदा तिच्याकडेच निघाल्या. पिशवी धरायला मी सोबत होते.

सूनबाई मशीनवर वाकली होती. चेहरा पांढराफटक, बसल्या जागी धाप लागलेली.

"गोळ्या चुकवल्यास?" जाऊबाईंचा आवाज चढला.

"नाही हो ताई, एकही नाही." तिनं कापडाच्या ढिगावर बसलेल्या लेकीकडे बोट दाखवलं. "अर्धी मी घेते, अर्धी हिला देते. हिच्या अंगात तर काहीच ताकद नाही ना."

पोरगी आमच्याकडे बघत खोकली.

जाऊबाईंनी मशीनवरचं गोळ्यांचं पाकीट उचललं. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. "ताकदीची नाही गं ती," त्या म्हणाल्या. "क्षयाची आहे. तुला क्षय झालाय." सासू आमच्यासाठी पाणी घेऊन येत होती. ती तशीच आत वळली.

दोघींना घेऊन आम्ही केंद्र गाठलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. अर्ध्या गोळीनं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, म्हणाले. आता या गोळ्या तिला लागू पडतील की नाही, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. लेकीलाही तपासायचं होतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला काय ते कळलं.

बाहेर बाकावर सूनबाईनं जाऊबाईंचा हात धरला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"ताई, ही गोळी नाही तर नाही," ती म्हणाली. "पण पोरीला खरी ताकदीची असते ती तरी द्या ना."

जाऊबाईंनी पिशवीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आत फक्त त्याच गोळ्या होत्या.