पोटाचं माप
काल रोह्यात शिंप्याने पोटाभोवती टेप धरली आणि निवृत्तीनंतर लावलेली, पत्र्याखालची जिम आठवली. पहिल्या मापाला मी मुद्दाम पोट फुगवलं, तीन महिन्यांनी श्वास ओढून धरला आणि ‘चार इंच घटले’ म्हणून जिममध्ये पहिला येऊन टाळ्या घेतल्या. पोट तसूभरही कमी झालं नव्हतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला निडीचा एक शेतकरी माझ्या शेजारी घाम गाळायचा. त्याचे खरोखरचे दोन इंच उतरले. “तुमचे चार, माझे दोनच! आपल्याला नाय जमायचं, काका,” म्हणाला आणि जिम सोडून गेला. आता तो रोज इन्सुलिन टोचून घेतो. आज निडीला जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने आत बायकोला हाक मारली, “ऐकलंस गो? त्या दिशी मीच पयला व्हतो!”