टोपलीच्या बुडातली नावं

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत होते. सभेत उरलेली पत्रकं घरी यायची, त्यांवर बोट ठेवून मी वाचायचे. छापलेलं कुणी मागं घेत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी आईनं तोडीला जाणं सोडलं आणि घरीच मशीनवर बसली. बचत गटातल्या बाकीच्या बायकांसारखंच कापडी टोपल्या, चेनचे पाऊच. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतात. आई अर्धं आयुष्य अर्धा कोयता होती. तिचं नाव मजूर नेणाऱ्या मुकादमाला कधी लागलंच नाही.

म्हणून बीडच्या प्रदर्शनासाठी मी चिठ्ठी लिहिली: ‘आम्ही अर्धा कोयता नाही. ही वस्तू मी शिवली.’ खाली शिवणारीचं नाव. केजहून छापून आणली. प्रत्येक वस्तूत एक घालायची, असं सगळ्याजणींनी कबूल केलं. आईनं तर स्वतःची चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

प्रदर्शनात मी पहिल्या पाऊचची चेन उघडली. रिकामा. दुसराही. टोपल्यांतही काही नव्हतं. बाहेर मात्र गुळगुळीत लेबलं लटकत होती, त्यांवर गटाच्या अध्यक्षीणबाईंचा फोटो.

“चिठ्ठ्या कुठं आहेत?” मी बाईंना विचारलं.

“माझ्यावर का डाफरतीस? तुझ्या आईला इचार.”

आई टोपल्या मांडत होती. मान वर न करता म्हणाली, “मीच काढल्या. समद्यांच्या.”

“का?”

“बाई घरी आल्त्या. म्हणल्या, उद्घाटनाला कारखान्याचे साहेब येणार हायेत, कोयत्याचं तेवढं नको.”

“आणि तू ऐकलंस. स्वतःचं नाव काढलंस.”

“तुझा बाप जन्मभर पत्रकं वाटीत हिंडला. दर साली तोडीच्या ट्रकात बसायचं चुकलं का?”

मी विचारलं, “फेकल्यास?”

“छापलेला कागद कुनी फेकतं का, माय?” तिनं एका टोपलीचं बूड दाबलं. आत कागद कुरकुरला. “बुडात घालायचं बकरम कमी पडलं. चार-चार घालून टीप मारली. बघ कशी ताठ उभी हाय.”

टेबलावर कात्री होती. मी टोपली उलटी केली, टाका शोधला. आईनं हात धरला नाही.

“उसव,” ती म्हणाली. “पर परत शिवायची तूच.”

मला शिवता येत नाही. वडिलांनाही येत नव्हतं. मी कात्री खाली ठेवली.

साहेब आले. बाईंनी त्यांना एक टोपली भेट दिली, आईनं शिवलेली. त्यांनी ती हातात धरून फोटो काढून घेतला. आई मागच्या रांगेत पदर नीट करून उभी होती, आणि हसत होती. ते हसू मी तिला अजून माफ केलेलं नाही.