आठ वाजताचा उजेड

खडीच्या खाणीच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा आहे, आणि काट्याला चिकटून चारही बाजूंनी काच असलेली एक खोली आहे. खोली म्हणायची आपली. आतल्या माणसाने उभं राहून हात पसरले तर दोन्हीकडे बोटं काचेला लागतात. या खोलीत तीन वर्षं बसलेल्या मुलीला सगळे ड्रायव्हर काटेताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

काम सांगायला सोपं. भरलेला ट्रक काट्यावर चढला की चारही बाजूंनी बघायचं, सगळी चाकं लोखंडी पत्र्यावर आली ना. मग लॅपटॉपवर उमटलेलं वजन वाचून पावती काढायची. पण ट्रक संपत नसत. काटेताई पाणी घोट मोजून प्यायची, कारण पाच मिनिटं उठायचं तर जागेवर दुसरं माणूस हवं, आणि ते नव्हतं.

"मजा आहे बुवा, काचेच्या महालात बसतेस," ड्रायव्हर पावती घेता घेता म्हणत.

"या ना मग आत, राज्य तुमचं," ती म्हणायची. महालात यायला कोणी तयार नसे.

खरा वैरी होता सूर्य. सकाळी समोरच्या काचेतून, दुपारी डोक्यावरच्या पारदर्शक पत्र्यातून, संध्याकाळी पाठीमागून तो आत यायचा आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचे आकडे पुसून टाकायचा. काचांना पडदे लावायची सोय नव्हती, कारण मग चाकं कशी दिसणार? लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त करायची बटणं खडीच्या धुळीने केव्हाच मेली होती. उजेड कायमचा पूर्ण वाढवून ठेवला तर ते म्हातारं यंत्र दोन तासांत तापून झोपी जायचं, आणि सकाळच्या अंधारात तोच उजेड डोळ्यांत सुईसारखा शिरायचा. तिच्या आधीच्या तिघांनी याच कटकटीला कंटाळून राम राम ठोकला होता.

काटेताईने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. शिकलेलं सगळं गंजत चाललंय, हे तिला रोज टोचायचं. एका दुपारी दोन ट्रकांच्या मधल्या वेळात तिने सात ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. पडद्याचा उजेड किती ठेवायचा, हा आकडा यंत्राच्या पोटात एका छोट्याशा फाइलमध्ये असतो. स्क्रिप्ट थेट तिथे जाऊन तो बदलायची. 'उजेड' असा शब्द टाइप करायचा, पुढे नव्वद किंवा वीस, झालं. विकतचं काही बसवायचं नाही, यंत्रावर भार नाही. त्या दिवशी सबंध वर्षात पहिल्यांदा ती घरी जाताना शीळ घालत गेली.

आणि मग मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात एक जागा निघाली. तिने अर्ज केला, तिची निवडही झाली. पण खाणीचे साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "जा की. मी कशाला अडवू? काट्यावर बसेल असं माणूस दे आणि जा. सोमवारी सकाळी सात ते दहा त्याने एकट्याने काटा चालवून दाखवावा. जमलं तर मंगळवारी तू तिकडे. नाही जमलं, तर ते लोक काही थांबायचे नाहीत."

माणूस मिळाला तो उस्ताद. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला, मग गुडघ्याने दगा दिला, तेव्हापासून फाटकाशी स्टूल टाकून बसायचे. वजन, पावत्या, चाकं यातलं त्यांना काही शिकवावंच लागलं नाही. अडलं ते एकाच जागी.

"दर तासाला आकडे टाइप करत बसू? गिअर म्हण, हजार वेळा बदलेन. हे नाही जमायचं, पोरी."

"उस्ताद, एकच शब्द आहे हो."

"एकच शब्द माझ्या बायकोनेही शिकवला होता, 'बरं'. तीस वर्षं झाली, अजून वेळेवर आठवत नाही."

ती हसली. मग तिच्या डोक्यात आलं: उस्तादांना आकडे नकोत, तर स्क्रिप्टने स्वतःच घड्याळ बघावं. कोणत्या तासाला सूर्य कोणत्या काचेत असतो, हे तीन वर्षांत तिच्या कातडीला पाठ झालं होतं. रविवारी दुपारी तिने तासांचा तक्ता स्क्रिप्टमध्ये भरला. सातला तीस, आठला नव्वद, असं संध्याकाळपर्यंत. दोन वाजता चालू करून बघितलं. तीन वाजले, पडदा आपोआप उजळला. चार वाजले, पुन्हा बदलला.

"ही घ्या तुमची ऑटोमॅटिक गाडी," ती म्हणाली.

उस्तादांनी लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली, ट्रकच्या दारावर मारावी तशी.

घरी आई शिलाईच्या मशीनवरून मान वर करून तिच्याकडे बघत राहिली. काचेजवळ बसून बसून काटेताईचा उजवा गाल रापला होता, डावा तसाच होता. "मंगळवारपासून सावलीत बसलीस की दोन्ही गाल एका आईचे दिसतील," आई म्हणाली. "नाहीतर लोक विचारतात, अर्धी कोणाची?"

"तुझीच गं, पूर्ण," ती म्हणाली, आणि नव्या ऑफिसला घालायचा कुर्ता खुर्चीवर काढून ठेवला.

सोमवारी सातला साहेब आले. त्यांनी काटेताईला काचेबाहेर, स्वतःशेजारी उभं केलं. "खाणाखुणा नाहीत हं," म्हणाले. तीन वर्षांत तिने ती खोली बाहेरून अशी कधी बघितलीच नव्हती. आत उस्ताद, जुनं जॅकेट घालून, ताठ बसलेले. मत्स्यालयातल्या मोठ्या माशासारखे दिसत होते.

सात ते आठ अकरा ट्रक गेले. साहेब घड्याळ बघत मान डोलवत होते. काटेताईच्या मनाने तिकडे मुख्य ऑफिसात जाऊन टेबलाचा खणसुद्धा उघडून बघितला.

आठ वाजले. डोंगराच्या कडेवरून सूर्याने मान वर काढली आणि समोरची काच पेटली. पडदा आता उजळायला हवा होता. तो उजळला नाही. एक ट्रक काट्यावर चढला होता. उस्ताद पडद्यावर वाकले, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मागच्यानेही दिला.

काटेताईला बाहेर उभ्या उभ्या कळलं. शून्याने सुरू होणारा आकडा दिसला की तिची स्क्रिप्ट तो आठाच्या मोजणीत वाचायची, आणि त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. साताच्या पुढे थेट दहा. सकाळच्या सातला घड्याळ म्हणालं शून्य-सात, ते चाललं. शून्य-आठ म्हणाल्याबरोबर स्क्रिप्ट अडखळून मेली. तिने तपासलं होतं दुपारी, तेव्हा घड्याळ पंधरा, सोळा म्हणत होतं, कुठलं शून्य? पहिल्या वर्षाला शिकवतात ही चूक. पहिल्या वर्षाला!

आत उस्तादांचे हात जॅकेटच्या गुंड्यांशी गेलेले तिने बघितले. उकडतंय त्यांना, घाबरलेत, एवढंच तिच्या मनात आलं. तिसरा हॉर्न वाजला, आणि ती साहेबांच्या शेजारून सुटली. दार उघडलं, उस्तादांच्या खांद्यावरून हात घालून फाइल उघडली, त्या न दिसणाऱ्या पडद्यावर नाक टेकवून आकड्याच्या आधी, 'हा साधाच मोज' असं सांगणारी एक छोटीशी खूण टाकली, स्क्रिप्ट पुन्हा चालू केली. पडदा लख्ख झाला. एक मिनिटही लागलं नसेल. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

साहेबांच्या चेहऱ्यावरही हसू होतं, आणि ते बघून तिचं मावळलं.

"शाब्बास," साहेब दारात येऊन म्हणाले. "आज आठला बंद पडलं, उद्या बाराला पडेल. ऋतू बदलला, सूर्य सरकला, की हा तक्ता बदलायचा ना?"

"हो, पण तो मी सुट्टीच्या दिवशी येऊन..."

"उस्ताद बदलतील?"

उस्तादांनी पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"मग झालं तर. तुझ्याशिवाय हे चालत नाही, तूच दाखवून दिलंस की. मी तिकडे कळवतो. तीन महिन्यांनी पुन्हा जागा निघेल म्हणतात, तेव्हा बघू." जाता जाता त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं, कौतुकाने.

काटेताई दाराला टेकून उभी राहिली. अडकलेला ट्रक अजून काट्यावरच होता. उस्तादांनी शांतपणे त्याची पावती काढली, खिडकीतून दिली, मग म्हणाले, "बावीस टन तीनशे चाळीस. वाचणारच होतो मी."

"कसं वाचणार होतात? काही दिसत नव्हतं."

"अगं, जॅकेट काढत होतो. डोक्यावरून घ्यायचं, पडद्यासकट. आत मस्त अंधार. अठ्ठावीस वर्षं भर उन्हात कागद तसेच वाचले मी." त्यांनी जॅकेटची सुटलेली गुंडी पुन्हा लावली. "दोन मिनिटं थांबली असतीस तर. तू कशाला धावत आलीस?"

आपलं लिहिलेलं लोकांसमोर चुकतंय, हे तिला दोन मिनिटं बघवलं नव्हतं, बस्स.

पुढचा ट्रक हॉर्न देऊ लागला. ती खुर्चीकडे निघाली, पण उस्ताद उठले नाहीत. त्यांनी पायाने स्टूल पुढे ढकललं.

"तू यावर बस. आणि ती खूण कुठे टाकलीस ते दाखव. तक्तासुद्धा. हळू दाखव, मी म्हातारा आहे."

"तुम्ही म्हणाला होतात आकडे जमायचे नाहीत."

"म्हणालो होतो. पण तीन महिने हातात आहेत." उस्तादांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "आणि पुढच्या वेळी तू इथे उभी राहू नकोस, पार रस्त्यापर्यंत जा. मी दाराला आतून कडी घालणार आहे."

काटेताई डोळे पुसून स्टूलवर बसली, आणि तिने पहिली ओळ बोटाने दाखवली. सूर्य आता दोघांच्याही उजव्या गालावर आला होता.