समज दिली

“साहेब, मले समज कधी देली होती?”

मेश्राम माझ्या टेबलासमोर उभा होता. हातात कामावरून कमी केल्याचं पत्र. तीन वेळा समज देऊनही कामात सुधारणा नाही, असं त्यात लिहिलं होतं. नुकतंच त्याने भंडाऱ्याहून बायको-मुलीला आणलं होतं, भोसरीत खोली घेतली होती.

मी त्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवायचो. उदारीकरणानंतर परदेशी गिऱ्हाइकं आली आणि त्यांच्यामागून गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासाठी आयएसओचं ऑडिट. माल नापास झाला की मी रिपोर्ट लिहायचा: काय बिघडलं, का बिघडलं, उपाय काय केला. उपाय लिहिला की रिपोर्ट ‘क्लोज’. ऑडिटरला एकही रिपोर्ट ‘ओपन’ दिसता कामा नये, हा आमच्या मॅनेजरचा हट्ट.

मेश्रामच्या मशीनवर भोकं तिरकी पडत होती. भोक पाडायचा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरची पिन झिजली होती, हे मला माहीत होतं. नवी पिन यायला चार-पाच महिने. तोवर काय करायचं? त्यावर आमच्याकडे सर्वमान्य तोडगा होता. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: समज दिली. प्रत्यक्षात कोणी कोणाला चकार शब्द बोलायचा नाही. रकाना भरायचा, सही ठोकायची, चहाला जायचं. मेश्रामच्या नावावर मी असे तीन रिपोर्ट भरले.

मग ऑर्डरी घटल्या. टेम्पररी लोकांतून कोणाला काढायचं हे ठरवायला पर्सोनेल खात्याने माझ्याच रिपोर्टांची फाइल मागवली.

मेश्रामच्या हातातलं पत्र पाहून मी मॅनेजरकडे गेलो. “सर, ते रिपोर्ट खरे नाहीत.”

“अहो, मग तसं लेखी द्या ना. ऑडिटला खोटे कागद दाखवले म्हणून. सही तुमचीच आहे.”

मी लेखी दिलं नाही. मलाही नोकरी हवी होती. त्याची लाज अजून वाटते.

“चुकलो असतो तं सांगाचं होतं नं, साहेब,” एवढंच मेश्राम म्हणाला. महिनाअखेर खोली सोडून तो गावी गेला.

त्याच्या मशीनवर नवा माणूस आला. भोकं तिरकीच. या वेळी मी ‘पिन झिजली आहे’ असं लिहिलं आणि रिपोर्ट ओपन ठेवला. मॅनेजर चिडले. पुढच्या ऑडिटला ऑडिटरने तो वाचला, “पिन कधी येणार?” विचारलं, मी तारीख सांगितली. त्याने मान हलवून पान उलटलं.